गाईचं चित्र नसलेला दुधाचा डबा

अमेरिकेत मॉडेल रेल्वेच्या दुकानात दुधाचा डबा मागितला की दुकानदार हमखास पांढराशुभ्र नाहीतर पिवळाधमक डबा काढून देतो. त्यावर लाल ठसठशीत अक्षरांत डेअरीचं नाव, आणि नशीब जोरावर असेल तर एक हसरी गायसुद्धा. नातवंडांना द्यायला छान आहे. पण 1940च्या सुमाराला न्यूयॉर्कला रोज रात्री दूध पोचवणारे रेल्वे कंपन्यांचे स्वतःचे डबे पाहून आत दूध असेल असं कुणाला वाटलंही नसतं. प्रवासी डब्यांचा असतो तसा काळपट हिरवा रंग, त्यावर सोनेरी छटेची मोजकी अक्षरं, छपरावर इंजिनाची काजळी. बस्स. मला तो डबा करायचा होता.

मी न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतो. तळघरात एचओ स्केलचा, म्हणजे 1:87 प्रमाणाचा लेआउट मांडलाय आणि त्यावर गाडी धावते ती डेलावेअर, लॅकावाना अँड वेस्टर्न या कंपनीची. ऑफिसला जाताना कित्येक वर्षं ज्या रुळांवरून न्यूयॉर्कसमोर हडसन नदीच्या काठी असलेल्या होबोकेनला गेलो, त्यातले बरेचसे या कंपनीनेच टाकलेले, त्यामुळे दुसरी कुठली कंपनी मनात आलीच नाही. लॅकावाना म्हटलं की इथल्या रेल्वेवेड्यांना आधी कोळसा आठवतो. पेनसिल्व्हेनियातला ॲन्थ्रसाइट, जो जळताना धूर कमी करतो. त्याची जाहिरात करायला कंपनीने पांढऱ्या झग्यातली फीबी स्नो नावाची काल्पनिक बाई उभी केली होती. कोळशापुढे दूध किरकोळच, पण रोजचं. न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात, कॉर्टलंड आणि नॉर्विचच्या बाजूला, शेतकरी सकाळी दूध क्रीमरीवर आणून घालत. तिथे ते गार करून 40 क्वार्टच्या, म्हणजे साधारण 38 लिटरच्या कॅनमध्ये भरत, कॅन डब्यात रचत आणि त्यावर बर्फाचा चुरा पसरत. मग ती गाडी दिवसभर स्टेशनं घेत घेत रात्री हडसनच्या काठाला येई. पहाटे बाटल्या दारोदार जायच्या म्हणजे रात्रीत पाश्चरायझेशन आणि भरणं उरकायला हवं, त्यामुळे या गाडीला उशीर चालत नसे. आणंदहून मुंबईला रेल्वेने येणाऱ्या दुधाची आणि आरेच्या काचेच्या बाटल्यांची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या वेळेच्या घाईचा डब्याच्या रंगाशी थेट संबंध आहे. दूध मालगाडीत घालून चालत नव्हतं. ते प्रवासी गाडीच्या वेगाने, बऱ्याचदा प्रवासी डब्यांच्याच सोबत जायचं. म्हणून दुधाचे डबे कागदोपत्रीही मालडब्यांत मोडत नसत. अमेरिकन रेल्वे संघटनेच्या वर्गीकरणात कॅनच्या डब्याला 'बीएम' आणि टाकी बसवलेल्या डब्याला 'बीएमटी' असा संकेत होता, आणि 'बी' हे अक्षर सामान आणि एक्स्प्रेस पार्सलच्या डब्यांचं. वरून बघितलं तर साधा लाकडी मालडबा. खाली वाकून बघितलं तर वेगवान बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा), आणि दोन्ही टोकांना ब्रेकच्या नळीशिवाय वाफेची नळी आणि गार्डने ड्रायव्हरला इशारा द्यायची, म्हणजे सिग्नलची, हवेची नळी. वाफ दुधासाठी नव्हे, मागच्या प्रवाशांना थंडीत ऊब मिळावी म्हणून या डब्यातून पुढे जायची. डबा प्रवासी गाडीच्या कुटुंबातला, म्हणून अंगावर रंगही त्याच कुटुंबाचा. एवढं डोक्यात बसलं की गाईचं चित्र आपोआप गळून पडतं.

कुठलाही डबा रंगवायच्या आधी मी तारीख ठरवतो. नुसतं साल नव्हे, जमलं तर महिनासुद्धा. 'लॅकावानाचा दुधाचा डबा' असं काही नसतंच. 1928चा असतो, 1940चा असतो, युद्धानंतरचा असतो. मधल्या काळात छपराचा प्रकार बदलतो, बोगी बदलते, अक्षरांचं वळण बदलतं. माझा लेआउट 1940च्या ऑगस्टमध्ये थांबलेला आहे. का? कारण अमेरिकेत युद्धाची धामधूम अजून सुरू व्हायची होती, वाफेची इंजिनं भरात होती आणि मला उन्हाळ्यातली झाडं करायला आवडतात. शेवटचं कारण सगळ्यात खरं.

मग फोटो. या छंदात रंगाच्या डबीपेक्षा जास्त वेळ फोटोंवर जातो आणि जायलाच हवा. रंगीत फोटो त्या काळातले फारच थोडे. कोडाक्रोमची 35 मिलिमीटरची फिल्म 1936मध्ये बाजारात आली, महाग होती, आणि ज्याच्याकडे होती तो ती झोकदार एक्स्प्रेस गाडीवर खर्च करी, दुधाच्या डब्यावर नाही. म्हणजे हाती राहतात काळेपांढरे फोटो. ते वाचायला शिकावं लागतं. जुन्या फोटोंतले पुष्कळसे, त्यातही कारखान्यातून डबा बाहेर पडताना काढलेले, ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरचे असतात. या फिल्मला लाल रंग दिसतच नाही, त्यामुळे लाल रंग काळा उमटतो, पिवळाही आहे त्यापेक्षा गडद येतो, आणि निळा मात्र फिकट पडतो. पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग बऱ्यापैकी समतोल पकडते. तेव्हा एखाद्या फोटोत डबा काळाभोर दिसला, तर तो हिरवा असू शकतो, तपकिरी लाल असू शकतो, आणि खरोखर काळासुद्धा असू शकतो.

इथे एक युक्ती कामाला येते. त्याच फोटोत ज्याचा रंग आपल्याला नक्की ठाऊक आहे अशी दुसरी वस्तू शोधायची. माझ्याकडच्या मुख्य फोटोत दुधाच्या डब्याच्या पलीकडे लाल तपकिरी मालडब्याची एक कड आली आहे, त्यावर पांढरी अक्षरं. मालडब्यावरचं पांढरं अक्षर कागदाइतकं उजळ आहे. दुधाच्या डब्यावरचं अक्षर त्याच उन्हात, त्याच कोनात, स्पष्टपणे मंद आहे. म्हणजे ते पांढरं नाही. सोनेरी किंवा पिवळट आहे. आकाशही बघायचं. ऑर्थो फिल्मवर निळं आकाश जवळजवळ कोरं येतं, ढग दिसत नाहीत. माझ्या फोटोत ढग पुसट का होईना दिसतात, म्हणून फिल्म पॅनक्रोमॅटिक असावी असं मी धरून चाललो. हे कोर्टात टिकणारं नाही, पण तळघरात टिकतं.

आमच्या क्लबात एक गृहस्थ आहेत, वय ऐंशीच्या पुढे, लहानपणी बूंटनच्या फाटकापाशी उभं राहून गाड्या मोजायचे. त्यांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "हिरवा. पण तुला वाटतोय तसला हिरवा नाही. तो फक्त दुपारीच हिरवा असायचा." अशा माणसाच्या आठवणीवर किती विसंबावं हा वादाचा मुद्दा आहे. मी अंकांसाठी आणि तारखांसाठी अजिबात विसंबत नाही, पण रंग उन्हात कसा वागतो यासाठी डोळे झाकून विसंबतो. नंतर एअरब्रश हातात घेतल्यावर त्यांचं हे एक वाक्य कुठल्याही रंगपट्टीपेक्षा उपयोगी पडलं.

किटबद्दल फार लिहीत नाही. रेझिनचं किट होतं, एका छोट्या उत्पादकाचं. बाजू, टोकं, छप्पर, तळ असे सुटे भाग येतात आणि कडांना रेझिनचा पातळ पदर असतो तो पॉलिश पेपरवर घासून काढायचा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट रसायन अंगावर राहतं, ते भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवायचं, नाहीतर रंग सोलून निघतो. पाणी कढत नको, रेझिन वाकतं. एचओमध्ये 40 फुटांचा डबा 14 सेंटिमीटर होतो, म्हणजे तळहातावर मावतो. दाराच्या कडीची तार, छपराजवळची पकडायची आडवी सळई, असलं सगळं मी रंगाच्या आधी बसवतो, कारण रंगानंतर चिकटवलेल्या गोंदाचा डाग लपत नाही. बोगी आणि कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारे आकडे, मात्र वेगळे रंगवून शेवटी.

आता रंग. त्या काळपट हिरव्याचं नाव पुलमन ग्रीन, आणि ते ऐकून माणूस फसतो. पुलमन कंपनीने झोपायच्या डब्यांना 1900च्या आसपास हा रंग द्यायला सुरुवात केली आणि मग निम्म्या अमेरिकेने प्रवासी डब्यांसाठी तो उचलला. हिरव्यात भरपूर काळा आणि थोडा तपकिरी, असा तो आहे. पूर्वी फ्लोक्विलच्या बाटलीत हा रंग तयार मिळायचा आणि वाद मिटायचा. 2013मध्ये फ्लोक्विल बंद झालं, तेव्हा इथल्या लोकांनी दुकानांतून उरलेल्या बाटल्या साठेबाजांसारख्या गोळा केल्या. त्यानंतर लोक ट्रू-कलर आणि स्केलकोट यांच्या रंगांकडे वळले. एकाच नावाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर दोन वेगळे हिरवे दिसतात, आणि दोघांचे पाठीराखे आपापल्या जागी ठाम असतात. माझं मत असं, की खऱ्या डब्यांवरही एकच हिरवा नव्हता. कारखान्यात रंगाची खेप बदलते, ऊन लागतं, काजळी बसते, पाच वर्षांत शेजारचे दोन डबे वेगळे होतात. बाटलीवरून भांडण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो डबा लेआउटवरच्या दिव्याखाली कसा दिसतो यात.

आणि तिथे एक खरी अडचण आहे. लहान वस्तूवर गडद रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो. खरा डबा आपण उघड्या आकाशाखाली, मधल्या हवेतून, दुरून पाहतो. मॉडेल हातभर अंतरावर, छताच्या दिव्यात. बाटलीतला पुलमन ग्रीन जसाच्या तसा मारला तर तळघरात तो निव्वळ काळा होतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मी नमुने मारले. एक बाटलीतला शुद्ध, बाकीच्यांत थोडा थोडा फिका ऑलिव्ह आणि किंचित करडा वाढवत नेलेला. पांढरा घालून उजळ करू नये, रंग खडूसारखा पडतो. पट्ट्या लेआउटवर होबोकेनच्या फलाटाला टेकवून ठेवल्या आणि मुलीला हाक मारली.

"यातला हिरवा कुठला वाटतो गं?"

"बाबा, सगळे काळेच आहेत."

"नीट बघ."

तिने फोनचा टॉर्च लावून एकेका पट्टीवर तिरका धरला. "हा. याच्यावर उजेड आला की हिरवा होतो, काढला की परत काळा."

ती पट्टी शुद्ध रंगापासून तिसरी होती. दुपारीच हिरवा, हे क्लबातल्या आजोबांचं म्हणणं तिच्यात बरोबर उतरलं होतं. तिच्या प्रमाणात पूर्ण बाटली मिसळून ठेवली, कारण पुढचे डबे रंगवताना तेच मिश्रण पुन्हा जमेल याची हमी नसते.

प्रायमर करड्या रंगाचा, पातळ. मग रंग. एअरब्रश 15 ते 18 पीएसआय दाबावर, रंग थिनरने दुधाइतका पातळ करून. पातळपणा सांगताना इथले लोकही दुधाचंच माप वापरतात, त्यात माझा हात नाही. पहिला हात धुक्यासारखा मारायचा आणि झाकला गेला नाही तरी थांबायचं. लाकडी फळ्यांचा डबा असल्याने बाजूवर उभ्या बारीक खाचा असतात. एकाच वेळी ओला रंग ओतला तर खाचा भरतात आणि लाकडाचा डबा पत्र्याचा होऊन बसतो. तीन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. छप्पर मी वेगळं रंगवतो, काळपट करडं, आणि तळ मातकट काळा. ट्रू-कलर ॲसिटोनवर चालणारा रंग आहे, तळघराची खिडकी उघडी, पंखा बाहेर तोंड करून आणि तोंडावर मास्क हे सगळं हवंच. हिवाळ्यात हे काम मी करत नाही.

अक्षरं चिकटवण्याआधी डबा चकचकीत करावा लागतो. डेकल म्हणजे पाण्यात सुटणाऱ्या कागदावर छापलेली अतिशय पातळ पारदर्शक फिल्म. ती खरबरीत मॅट रंगावर बसवली तर खाली हवेचे सूक्ष्म कण अडकतात आणि अक्षराभोवती चंदेरी चौकट दिसू लागते. एकदा ती दिसली की त्या डब्याकडे बघताना दुसरं काही दिसत नाही. म्हणून आधी ग्लॉस कोट, दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचा, बोटाचा ठसा उमटत नाही ना हे तळाच्या बाजूला तपासायचं.

आता अक्षरांचा सोनेरी. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण बाजारातली निम्मी मॉडेलं इथेच घसरतात. सोनेरी म्हटलं की लोक चमकणारी धातूची शाई लावतात. जुन्या काळी प्रवासी डब्यांवर खरा सोन्याचा वर्ख लावत, ते खरं आहे. पण वर्ख महाग, आणि नंतर बऱ्याच कंपन्यांनी ड्यूपाँटच्या डुलक्स एनॅमलमधला सोनेरी रंग वापरायला सुरुवात केली. तो चमकत नाही. तो पिवळा आहे, किंचित नारिंगीकडे झुकणारा. प्रवाशांच्या डब्याला वर्ख मिळाला असेल, पण कॅन आपटून बाजू खरचटणाऱ्या दुधाच्या डब्यावर 1940मध्ये कुणी सोनं लावत बसलं असेल असं मला वाटत नाही. फोटोतही अक्षर सगळीकडून सारखंच उजळ आहे. वर्ख असता तर एका बाजूला लखलख आणि दुसऱ्या बाजूला काळोख दिसला असता. तेव्हा किटबरोबर आलेला धातूच्या शाईचा कागद बाजूला ठेवला आणि डुलक्स गोल्डमध्ये छापलेला मायक्रोस्केलचा अक्षरसंच घेतला. त्यात लॅकावानाच्या वळणाची अक्षरं सगळी नव्हती. जी नव्हती ती किटच्या कागदावर मोजून, जवळच्या वळणाच्या दुसऱ्या संचातून काढली.

डब्यावरचा क्रमांक मी नेहमी फोटोतलाच घालतो. कागदावर जे तयार आकडे आलेत ते घातले तर सोपं जातं, पण त्या क्रमांकाचा डबा तसल्या छपराचा, तसल्या दाराचा होता की नाही कळायला मार्ग नसतो. फोटोतला क्रमांक म्हणजे निदान तो एक डबा तरी त्या दिवशी तसा होता. एकेक आकडा वेगळा कापून बसवावा लागला. एचओमध्ये 9 इंच उंचीचं अक्षर 2.6 मिलिमीटर होतं. 1 हा आकडा इतरांपेक्षा अरुंद, त्यामुळे आकड्यांच्या मधली जागा पट्टीने मोजून सारखी केली तर डोळ्याला वाकडी दिसते. 1च्या दोन्ही बाजूंचे आकडे थोडे आत सरकवायचे. फोटोत रंगाऱ्यानेही तेच केलंय, भिंग लावून बघितलं.

बसवायची रीत लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. अक्षर कापताना फिल्मची मोकळी कड जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवायची. नळाचं पाणी इथे जड आहे, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर. कागद पाण्यात सात-आठ सेकंद बुडवून लगेच कॉटनच्या फडक्यावर ठेवायचा आणि फिल्म आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही. डब्यावर त्या जागी आधी मायक्रो सेटचा, म्हणजे डेकल बसवायच्या द्रावाचा थेंब. त्यावर फिल्म कागदावरून सरकवायची, उचलायची नाही. ओलं असेपर्यंत ती हलते, तेवढ्यात पेन्सिलीच्या पुसट रेघेला तळ लावायचा. मग टिशूच्या टोकाने पाणी शोषून घ्यायचं.

त्यानंतर मायक्रो सॉल. हे फिल्मला मऊ करतं. ब्रशने लावलं की दोन मिनिटांत अक्षर सुरकुततं, गरम दुधावरची साय फुंकर मारली की जशी गोळा होते तसं. पहिल्यांदा बघणारा घाबरून बोट लावतो आणि अक्षर फाटतं. हात मागे बांधून बसायचं. अर्ध्या तासात ती सुरकुती आपोआप खाली बसते आणि फिल्म फळ्यांच्या खाचांत उतरते. सगळीकडे उतरत नाही. माझ्या डब्यावर प्रत्येक अक्षराच्या मधून किमान एक उभी खाच जात होती, आणि खाचेवर फिल्म पुलासारखी ताणलेली राहिली होती. तिथे नवं ब्लेड घेऊन खाचेच्या मधोमध, वरून खाली, वजन न देता चिरायचं आणि त्या चिरेत पुन्हा मायक्रो सॉल सोडायचं. दोन्ही कडा आत वळतात. कोनातून बघितलं तर आता अक्षर फळ्यांवर ब्रशने रंगवल्यासारखं दिसतं, खाचेत किंचित तुटलेलं, जसं खऱ्यावर असतं. हवेचा बारीक फुगा राहिला तर सुईने टोचून पुन्हा तेच. एक बाजू झाली की डबा आडवा करून रात्रभर ठेवायचा, दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी. दोन्ही बाजू एकदम उरकायची घाई जे करतात त्यांच्या डब्यांवर अक्षरं खाली ओघळलेली मी पाहिली आहेत.

बारीक अक्षरांचं काय करावं, यावर आमच्यात दोन तट आहेत. मालडब्यांवर वजन, मापं, क्षमता, वजन कधी केलं, अशा बारीक ओळींची गर्दी असते आणि किटच्या कागदावर ती सगळी येते. काही जण कागद रिकामा होईपर्यंत चिकटवत राहतात, कागदावर आहे म्हणजे डब्यावरही असणारच, या हिशोबाने. माझ्या फोटोत मात्र बाजूवर नाव, क्रमांक आणि खालच्या कोपऱ्यात एक छोटी ओळ, एवढंच दिसतं. दोन इंची अक्षर एचओमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर जातं, ते वाचता येत नाहीच, पण तिथे काही आहे की नाही हे दिसतं. जे फोटोत आहे ते मी घातलं. जे फोटोत नाही ते कागदावर राहिलं. डब्याची दुसरी बाजू फोटोत नाही, ती पहिलीसारखीच केली, दुसरा इलाज नाही.

ग्लॉसचा आणखी एक पातळ हात, डेकल बंद करण्यासाठी. मग डलकोट, सगळी चमक मारायला. डलकोट मारल्यावर पुलमन ग्रीन आणखी एक पायरी उजळतो, हे पट्ट्यांवर आधीच करून बघितलं होतं म्हणून बरं. मळवण्याचं काम शेवटी आणि थोडंच. हा डबा इंजिनामागे पहिल्या दोन-चार डब्यांत लागायचा, तेव्हा छपरावर काजळी जास्त, पॅन पेस्टल या कोरड्या रंगाच्या काळ्या आणि करड्याने, इंजिनाकडच्या टोकाला जरा गडद. बाजूंना खाली रुळांची धूळ. दाराच्या उंबऱ्याला मात्र वेगळी वागणूक लागते. 38 लिटर दुधाचा कॅन भरून झाला की दूधच 39 किलोच्या आसपास, वर कॅनचं वजन, आणि तो कुणी उचलून अलगद ठेवत नाही, कडेवर फिरवत आत लोटतो. तिथला हिरवा रंग उडून खालचं लाकूड दिसायला हवं. लाकडी करड्या रंगाचे टिपके स्पंजच्या तुकड्याने, त्याखाली पाण्याचे पुसट ओघळ, कारण कॅनवरचा बर्फ वितळून दारातून गळत असणार. हा माझा तर्क. फोटोत उंबरा सावलीत आहे.

टोकांच्या नळ्यांपाशी सगळ्यात जास्त डोळे दुखले. मालडब्याला एकच ब्रेकची नळी, ती किटमध्ये होती. वाफेची आणि सिग्नलची नव्हती. वाफेच्या नळीला जाडसर तार घेऊन ती कपलरच्या खाली वळवली आणि टोकाला पितळी रंगाऐवजी मळकट करडा दिला. सिग्नलची नळी ब्रेकच्या नळीपेक्षा बारीक. बोगी वेगवान प्रकारची, वेगळी विकत घेतली. हे सगळं बाजूने दिसत नाही, पण डबा प्रवासी डब्याला जोडलेला दिसला की वाकून बघणारा माणूस भेटतोच.

याच्या पाठोपाठ टाकीवाला डबाही हातात घेतलाय, तो वेगळ्या जातीचा. बाहेरून तोही लाकडी डबाच दिसतो, पण आत रॉचेस्टरच्या फॉडलर कंपनीच्या काचेचा मुलामा दिलेल्या दोन टाक्या, प्रत्येकी 3,000 गॅलनच्या. म्हणजे दोन्ही मिळून साधारण 22,700 लिटर. यात बर्फ नाही. थंड दूध भरायचं आणि भिंतीतल्या जाड आवरणावर भरोसा ठेवायचा. जनरल अमेरिकन आणि फॉडलर या कंपन्यांनी मिळून असे डबे डेअऱ्यांना भाड्याने दिले, त्यांच्या खुणेची अक्षरं जीपीईएक्स. शेवटचा 'एक्स' असला की डबा रेल्वेचा नाही, खासगी मालकाचा. इथे डेअरीचं नाव आलं तर चालतं, पण 1934मध्ये इंटरस्टेट कॉमर्स कमिशनने, म्हणजे राज्याराज्यांतल्या वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने, भाड्याच्या डब्यांवरच्या भल्यामोठ्या जाहिरातींना चाप लावला होता, म्हणजे माझ्या 1940मध्ये ते नाव किती मोठं असावं हे पुन्हा फोटोलाच विचारावं लागणार. या डब्याचा मला सापडलेला चांगला फोटो ऑर्थो फिल्मवरचा आहे. आकाश पूर्ण कोरं. डबा काळा. शेजारी रंग ओळखीचा असा एकही मालडबा नाही, फक्त क्रीमरीची भिंत आणि टोपी घातलेला एक माणूस. भिंत पांढरी असेल असं गृहीत धरायला मन होतं, पण क्रीमऱ्या पिवळ्याही असत.

तोवर हिरवा डबा गाडीत लावलाय. रात्रीच्या दूधगाडीत इंजिनामागे दुसरा, त्याच्या मागे पार्सलचा डबा आणि शेवटी एकच प्रवासी डबा. मागच्या शनिवारी क्लबचे लोक गाड्या चालवायला आले होते. होबोकेनला गाडी थांबली तेव्हा एकाने विचारलं, "यातला दुधाचा डबा कुठला?" आजोबांनी काठीने दाखवला. मग ते वाकले, नळ्या मोजल्या आणि सिग्नलची नळी उलट्या बाजूला हवी का, यावर मला फोटो आणायला पिटाळलं.